शाळूच्या मुलखातील शिधा

भाद्रपदाच्या दिवसांत मनमाडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या लोहमार्गाने करमाड, बदनापूर मागे टाकीत जालन्याकडे येणाऱ्या प्रवाशाने केवळ खिडकीतून दिसेल त्यावरून आपले मत बनवायचे ठरवले, तर या प्रदेशाला अन्नाची चिंता असेल असे त्याला स्वप्नातही वाटणार नाही. कारण दोन्ही अंगांना नजर पोचेल तेथवर सोयाबीन पिवळसर होऊ लागलेले असते, कपाशीच्या एकाच झाडावर पाते, फूल आणि बोंड एकत्र नांदत असतात, तुरीच्या ओळी त्यांच्यामधून मान वर काढीत असतात, आणि या मुलखाची प्रसिद्ध काळी माती उघडी अशी कोठे दिसतच नाही. मी मात्र हाच महिना मुद्दाम निवडला होता. ज्या कुटुंबाचे पोट जमिनीवर आहे त्याच्या वर्षभराच्या अन्नाचा ताळेबंद पाहायचा असेल तर सुगीत जाऊन उपयोगाचे नाही. घरातले जुने धान्य सरले आहे, नव्याला अजून अवकाश आहे, पेरणीचे कर्ज डोक्यावर आहे आणि ऊसतोडीचे मुकादम उचल वाटीत गावोगाव फिरू लागले आहेत, अशा या संधिकाळातच तो ताळेबंद उघडा पडतो. त्या हिरवाईत भाकरीचे पीक किती, एवढा एकच प्रश्न मनाशी धरून मी पाहत होतो, आणि ज्वारीचे शेत दृष्टीस पडावयास मला फार वाट पाहावी लागली.

जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी; त्यापूर्वी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरकडील भाग परभणीत मोडत असे. त्याही मागे गेले तर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता, आणि तहसील, मोंढा, हर्राशी, पटवारी, जमाबंदी असे त्या दफ्तरातले शब्द अद्यापि येथल्या माणसांच्या तोंडी सहजपणे येतात. उत्तरेस भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या रांगांचे उतार, मध्ये दुधना आणि पूर्णा यांची खोरी, दक्षिणेस अंबड-घनसावंगीच्या सीमेवरून वाहणारी गोदावरी, आणि पाऊस सरासरीने सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही ज्या वर्षी पडेल त्या वर्षी. समर्थ रामदासांचे जांब याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातले. ते ऐन पंचविशीकडे झुकत असताना, 1630 ते 1632 या काळात, दख्खनवर जो महादुष्काळ कोसळला त्याची वर्णने आजही वाचवत नाहीत. म्हणजे अवर्षण हे या भूमीला नवे नाही, आणि अवर्षणाला तोंड देण्याची विद्याही तिला नवी नव्हती. पेवात आणि कणगीत दोन-दोन वर्षांचे धान्य राखून ठेवणे, ही त्या विद्येची पहिली पायरी होती.

जालना शहरात उतरल्यावर मी प्रथम मोंढ्यात गेलो. मुगाची आवक नुकतीच ओसरली होती, उडीद अजून येत होता, आणि एका अडत दुकानाच्या ओट्यावर मागल्या रब्बीतल्या ज्वारीची लहानशी रास घातलेली होती. व्यापाऱ्याने मूठभर दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली, एक दाणा दातांखाली धरला आणि काही न बोलता पुढे सरकला. मापाड्याने तो दाणा मला दाखवून सांगितले की हा शाळू आहे, पावसात भिजून काळी पडलेली खरिपाची ज्वारी नव्हे, याचा मोत्यासारखा दाणा बोलतो. मी विचारले की हे धान्य कोणाचे. तो एक अल्पभूधारक शेतकरी होता, जवळच उकिडवा बसलेला. घरी खायला ठेवून उरले ते आणले असेल अशी माझी समजूत, तसे नव्हते. मुलीच्या शाळेचे आणि फवारणीच्या औषधाचे पैसे द्यायचे होते, म्हणून वर्षाच्या बेगमीतली चार पोती काढून आणली होती. ‘मग खाल काय?’ असे मी विचारताच तो म्हणाला, ‘रेशनचा गहू हाय की. अन् सोयाबीन निघाली की घेऊ इकत.’ भाद्रपदात विकलेली ज्वारी कार्तिकात तो विकत घेणार होता, आणि या दोन भावांत जे अंतर पडेल ते त्याच्या पदरातून जाणार होते. हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

याच शहराने देशाला बियाणे पुरवले आहे. हिंगोलीत जन्मलेले आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या बियाण्यापासून आपला व्यवसाय उभा केला, 1964 साली येथे महिको या बियाणे कंपनीची स्थापना केली, संकरित ज्वारी, बाजरी आणि कापूस यांची बियाणी शेतकऱ्यांच्या शेतांवरच तयार करवून घेण्याची पद्धत रूढ केली, आणि 1998 साली जागतिक अन्न पुरस्काराचा मान जालन्याला आणून दिला. या कार्याचे मोल मी कमी लेखणार नाही. ज्या काळी हा देश परदेशी गव्हाच्या जहाजांची वाट पाहत बसत असे त्या काळी एकरी उत्पन्न वाढवणे ही राष्ट्राची निकड होती, आणि ती ज्यांनी भागवली त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु एक गोष्ट जालन्याभोवतीच्या खेड्यांत हिंडताना सतत जाणवते. बियाणे पूर्वी घरातल्या बाईच्या ताब्यात असे; टपोरी कणसे निवडणे, ती आढ्याला टांगणे, दाणे राखेत घोळून आणि कडुनिंबाचा पाला घालून मडक्यात राखणे, हे सारे तिच्या हातचे काम होते, आणि पुढल्या वर्षी शेतात काय असावे यात तिचा शब्द चालत असे. बियाणे दुकानात गेले तसा तो शब्दही तिच्या हातून गेला, आणि शेतात काय पेरावे याचा विचार घराच्या गरजेपेक्षा बाजाराच्या मागणीवरून होऊ लागला.

अंबड तालुक्यातील एका गावी, पाराच्या कट्ट्यावर, वयाची ऐंशी ओलांडलेल्या एका गृहस्थांशी माझे दीर्घ बोलणे झाले. 1972 चा विषय मी काढला नव्हता. या भागात तो कोणाला काढावा लागत नाही. ‘खडी फोडली भाऊ आम्ही,’ ते म्हणाले, ‘मी, माझी बायको, माझी आई. ह्यो समोरचा पाझर तलाव हाय ना, त्याची माती ह्या डोक्यानं वाहिली. अन् खाल्ला मिलो. तांबडा मिलो, अमेरिकेचा. थापाया गेलं की चिरा पडायच्या भाकरीला. पर व्हता. पोरांना सुकडी मिळायची. कुणी उपाशी मेलं नाही आमच्या गावात.’ हे शेवटचे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले, आणि त्या उच्चारात जो अभिमान होता तो मला फार मोलाचा वाटला.

तो अभिमान सार्थ होता. 1972-73 साली महाराष्ट्रात धान्याचे उत्पादन इतके खालावले होते की माणशी उपलब्ध अन्नाचा हिशेब केला असता तो आफ्रिकेतील साहेलच्या दुष्काळग्रस्त देशांपेक्षाही कमी भरत होता. तरीही साहेलमध्ये त्याच सुमारास माणसे अन्नावाचून मेली आणि येथे तसा संहार झाला नाही. ज्याँ द्रेझ आणि अमर्त्य सेन या अर्थशास्त्रज्ञांनी या विरोधाची मीमांसा करून दाखवली आहे, आणि तिचे मर्म असे की दुष्काळात माणूस मरतो तो बाजारात धान्य नसल्यामुळे क्वचित, त्याच्या हाती ते घेण्याचे साधन नसल्यामुळे बहुधा. 1973 च्या मे महिन्यात जवळजवळ 50 लाख माणसे सरकारी कामांवर होती. त्यांना मजुरी मिळत होती, म्हणून त्यांच्या गावापर्यंत धान्य पोचत होते. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात आधीच करून पाहिलेली रोजगाराच्या हमीची कल्पना या अनुभवातून तावून सुलाखून निघाली, 1977 साली तिचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला, आणि पुढे 2005 साली साऱ्या देशाने तिचे अनुकरण केले. मराठवाड्यातील अशिक्षित स्त्री-पुरुषांनी डोक्यावर माती वाहून जो हक्क सिद्ध केला तो भारतीय कायद्यात शिरला, ही गोष्ट आपल्या शाळांतून शिकवली पाहिजे असे मला मनापासून वाटते.

मग प्रश्न असा की ज्या मुलखाने इतका घोर दुष्काळ निभावून नेला त्या मुलखात आज, गोदामे भरलेली असताना, अन्नाची चिंता का उरावी? मंठा तालुक्यातील एका कुटुंबात मी दोन दिवस राहिलो. तेथे मला या प्रश्नाचे उत्तर तुकड्यातुकड्याने मिळत गेले. जमीन चार एकर, कोरडवाहू. त्यांपैकी अडीच एकर सोयाबीन, दीड एकर कपाशी, कपाशीत तुरीचे काही तास. घरधन्याच्या वडिलांच्या काळी याच चार एकरांत खरिपाची ज्वारी, बाजरी, मूग, उडीद, मटकी, तीळ, अंबाडी, आणि रब्बीत शाळू, करडई, हरभरा, जवस असे. म्हणजे भाकरी, डाळ, तेल, भाजी आणि बैलांची वैरण ही सगळी त्याच बांधांच्या आत तयार होत असत. पैसा जवळजवळ नसे. आता पैसा येतो, आणि आला त्याच आठवड्यात निघून जातो. सोयाबीनचा दाणा शिजवून त्यावर जगता येत नाही, कापसाची भाकरी होत नाही. दोन्ही पिके मोंढ्यात जातात, आणि ज्या भावाने जातात तो भाव मंठ्यात ठरत नाही, तेलाच्या आयातीवर आणि परदेशातल्या पेंडीच्या मागणीवर ठरतो. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली तेव्हा फवारणीचा खर्च वाचेल या आशेने सगळा गाव तिकडे वळला. 2017 साली गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यातली कपाशी पोखरली, तेव्हा ज्याच्या शेतात खाण्याचे एकही पीक नव्हते त्याच्या घरी त्या वर्षी पैसाही नव्हता आणि दाणाही नव्हता.

ज्वारी का सोडली, असे मी विचारले तेव्हा घरधन्याने अत्यंत नेमकी उत्तरे दिली, आणि ती ऐकल्यावर शेतकऱ्याला परंपरेचे उपदेश करणाऱ्यांची मला कीव आली. शाळू राखावा लागतो. दाण्यात चीक भरला की पाखरांचे थवे उतरतात, रात्री रानडुकरे आणि रोही येतात, आणि दीड-दोन महिने मचाणावर बसणारा माणूस घरात उरलेला नाही. काढणी कष्टाची, धांडे उपटायचे, पेंढ्या बांधायच्या, कणसे खुडायची, आणि यासाठी मजूर मागतो ती मजुरी ज्वारीच्या भावात बसत नाही. सोयाबीनला यंत्र येते, दुपारपर्यंत पोती भरतात. पीक कर्ज, पीक विमा, सल्ला देणारा दुकानदार, खरेदी करणारा व्यापारी, सगळी व्यवस्था नगदी पिकाच्या बाजूने उभी. ‘आम्ही काय हौसेनं सोडली का?’ त्याने विचारले. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर गाय गेली, गाईबरोबर मुलांच्या ताटातले ताक गेले. हा शेवटचा दुवा त्याच्या पत्नीने जोडला, चुलीपाशी बसून, भाकरी उलटता उलटता.

त्यांच्याकडे महालक्ष्म्या नुकत्याच होऊन गेल्या होत्या. मराठवाड्यात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा या दोघी जणी धान्याच्या राशींवर उभ्या करतात, सोळा भाज्या, पुरणपोळी आणि ज्वारीच्या पिठाची आंबील यांचा नैवेद्य होतो, आणि घरातल्या नव्या-जुन्या धान्याचे हे वर्षातले मोठे प्रदर्शनच असते. ‘औंदा राशी कशाच्या घातल्या, मावशी?’ मी विचारले. त्या किंचित थांबल्या, आणि म्हणाल्या, ‘रेशनच्या गव्हाच्या. तांदूळ बी रेशनचाच. आंबिलीपुरती ज्वारी जावेकडून पायलीभर आणली उसनी. लक्ष्मीला काय सांगायचं, तिला समदं दिसतंच की.’ ते गहू त्यांनी पुन्हा डब्यात भरून ठेवले होते आणि त्याच गव्हाच्या पोळ्या आम्ही त्या दिवशी जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर रास्त भाव दुकानात गेलो. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसास दरमहा 5 किलो आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबास 35 किलो धान्य मिळते; आरंभी तांदळाला तीन, गव्हाला दोन आणि भरड धान्याला एक रुपया किलो असा दर होता, 2023 च्या जानेवारीपासून ते विनामूल्य झाले आहे. दुकानापुढे बायांची रांग होती आणि दुकानदाराच्या हातात अंगठ्याचे ठसे घेणारे यंत्र. एका वृद्धेचा अंगठा यंत्र स्वीकारीत नव्हते. तिने तो पदराला पुसला, ओठांनी ओला केला, डोक्याच्या केसांवरून फिरवून तेलकट केला, पुन्हा टेकवला. उजव्या हाताचा झाला, डाव्या हाताचा झाला, मग एकेक बोट. साठ वर्षे खुरपे धरून तिच्या बोटांच्या रेषा झिजून सपाट झाल्या होत्या. दुकानदार भला माणूस होता, त्याने तिला बाजूला बसवून दोन तासांनी पुन्हा प्रयत्न केला, आणि डाव्या हाताच्या अनामिकेवर यंत्र राजी झाले. ते तिचे 5 किलो होते.

या 5 किलोंचा हिशेब कोणीही मांडून पाहावा. उन्हात राबणाऱ्या माणसाला दिवसाकाठी अर्धा किलोच्या आसपास धान्य लागते. म्हणजे महिन्यातले दहा दिवस सरकार जेवू घालते, आणि उरलेले वीस दिवस ज्याचे त्याने पाहायचे. ते दहा दिवस क्षुल्लक नाहीत. ज्यांनी रेशनला केवळ फुकटची खिरापत म्हणून हिणवले आहे त्यांनी ज्येष्ठ-आषाढात अशा घरात एक आठवडा काढावा. सावकाराच्या दारी जाण्याची वेळ त्या धान्याने किती वेळा टळली आहे हे तेथली प्रत्येक बाई सांगते. शासनाने आणखी एक पाऊल टाकले होते: मराठवाड्याचे आठ, अमरावती विभागातले पाच आणि वर्धा अशा आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांनाही 2015 पासून स्वस्त धान्य दिले जात असे. 2023 साली ते थांबवून त्याऐवजी माणशी दरमहा 150 रुपये आणि पुढल्या वर्षी 170 रुपये बँकेत जमा करण्याचे ठरले. धान्य घरात येते तेव्हा ते चुलीकडे जाते. पैसा खात्यात येतो तेव्हा तो आधी खताकडे, औषधाकडे आणि कर्जाच्या हप्त्याकडे ओढला जातो. हा बदल मला योग्य वाटला नाही. शिवाय लाभार्थ्यांची संख्या राज्याला 2011 च्या जनगणनेवरून बांधून दिलेली असल्यामुळे, नवी सून आली किंवा मूल जन्मले की त्याचे नाव चढवताना ‘इष्टांक संपला’ हे उत्तर तहसील कचेरीतून ऐकावे लागते.

परतूर आणि मंठ्याच्या बाजूस बंजारा समाजाचे तांडे आहेत. अशा एका तांड्यावर मी पोचलो तेव्हा मुकादमाची जीप येऊन गेली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर उचल. ती उचल पावसाळ्यातल्या पोटापाण्यासाठी आणि जुन्या देण्यासाठी आधीच खर्च झालेली. दिवाळीच्या आगेमागे हे लोक पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातील, पाचटाच्या कोपीत राहतील, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततील. शिधापत्रिका आता देशात कोठेही चालते असा नियम झाला आहे, आणि तो उत्तम नियम आहे. पण पहाटे तीनला फडात जाऊन रात्री गाडी भरून देणाऱ्या बाईने अनोळखी गावातले दुकान कोणत्या वेळी गाठावे? बहुतेकांचे कार्ड म्हाताऱ्या माणसांपाशी तांड्यावर राहते, तेथे त्या म्हाताऱ्यांचा अंगठा लागत नाही. मुले काही आईबापांबरोबर जातात, काही हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मागे राहतात. जी जातात त्यांची अंगणवाडी सुटते, शाळेतले दुपारचे जेवण सुटते. ज्या सहा महिन्यांत कुटुंब सर्वांत जास्त श्रम करते त्या सहा महिन्यांत शासनाच्या अन्नाशी त्याचा संबंध तुटलेला असतो.

तांड्यावरची अंगणवाडीची ताई वजनाचे रजिस्टर घेऊन आली. हंगामाहून परतल्यावर मुलांची वजने कशी घटतात हे तिने पानांवर बोट ठेवून दाखवले. भादव्यापर्यंत ती पुन्हा वर येतात, आणि मग जाण्याची वेळ होते. कुपोषणाविरुद्धची राजमाता जिजाऊ मोहीम 2005 साली सुरू झाली ती याच विभागात आधी केलेल्या कामाच्या अनुभवावर. तिने पुष्कळ मुले वाचवली. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालील 35 टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आणि निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने पीडित आढळल्या. या आकड्यांमागची बाई मला सर्वत्र भेटली. सर्वांचे झाल्यावर ती जेवते, डाळ संपलेली असते, म्हणून मिरचीच्या ठेच्याशी भाकरी खाते, आणि विचारले तर ‘जेवले की पोटभर’ असे सांगते. पोट भरलेले असते हे खरेच असते.

गोदावरीकाठच्या तालुक्यांत परिस्थिती वेगळी दिसते. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ऊस आहे, अंबड-घनसावंगीत आणि बदनापुरात मोसंबीच्या बागा आहेत. पण 2012-13 च्या अवर्षणात याच बागा टँकरचे पाणी विकत घेऊन जगवता जगवता शेवटी करवत लावून सरपणाला विकाव्या लागल्या, हे मी बागाइतदारांच्याच तोंडून ऐकले. पाच-सहा वर्षे लेकराप्रमाणे वाढवलेले झाड तोडताना माणसे शेतात ढसढसा रडली. याउलट जालना तालुक्यातल्या कडवंचीने त्या वर्षीही बऱ्यापैकी तग धरला. मराठवाडा शेती साहाय्य मंडळाने आणि विजयअण्णा बोराडे यांनी 1996 पासून तेथे माथा ते पायथा पाणलोटाचे काम केले, शेततळी झाली, द्राक्षबागा उभ्या राहिल्या, आणि गावाचे उत्पन्न कैक पटींनी वाढले. पाणी अडले की पैसा येतो आणि पैशाने धान्य घेता येते, हे तेथे सिद्ध झाले आहे. ज्याला शेततळ्यापुरतीही जमीन नाही त्याच्या घरचे काय, हा प्रश्न मात्र कडवंचीच्या द्राक्षमांडवाखालीही शिल्लकच राहतो.

मला स्वतःला असे वाटते की या जिल्ह्याच्या अन्नाचा प्रश्न पिकवण्याचा नाही, आपले अन्न आपल्या ताब्यात असण्याचा आहे. कायद्यात भरड धान्याची तरतूद पहिल्यापासून आहे. मग जालन्याच्या शाळूची हमीभावाने मंठ्या-परतुरातच खरेदी करून तीच मंठ्या-परतुराच्या रेशन दुकानांतून का वाटू नये? 2023 हे आंतरराष्ट्रीय भरड धान्य वर्ष म्हणून जगभर साजरे झाले, आणि त्या वर्षी ज्वारीची बिस्किटे व शेवया शहरांतल्या दुकानांत आल्या. ज्यांच्या आजांनी ती ज्वारी शतकानुशतके पिकवली त्यांच्या गोणीत मात्र दूरच्या राज्यांतला गहू आला. पाखरांची राखण आणि काढणी यांची मजुरी रोजगार हमीतून देता येईल काय, कोयत्याबरोबर जाणाऱ्या मुलाचा आहार त्या फडापर्यंत कोणी पोचवील काय, हे प्रश्न कचेऱ्यांनी सोडवण्याजोगे आहेत. 1973 साली ज्या शासनाने 50 लाख माणसांना काम दिले त्या शासनाला हे अवघड नाही, असा माझा दृढ विश्वास आहे.

मंठ्यातून निघण्याच्या आदल्या रात्री त्या घरी रब्बीची चर्चा चालली होती. सोयाबीन निघाले की ओढ्याकाठच्या अर्ध्या एकरात हरभरा टाकावा असे घरधन्याचे म्हणणे. तेथे शाळूच पेरायचा, असे मावशींचे. ‘हस्ताचा पाऊस झाला तर चार पोती व्हतील. कडबा इकू नका, शेळ्यांला लागतो. अन् राखणीला मी जाईन,’ त्या म्हणाल्या, ‘पर पुढच्या लक्ष्म्यांना मी जावंच्या दारी जाणार नाही.’ तो बराच वेळ हिशेब करीत राहिला, औताचे भाडे, मजुरी, चार पोत्यांचा बाजारभाव. मग बियाण्याचे निघाले. घरची ज्वारी संपून पाच वर्षे झाली होती, आणि दुकानातले वाण त्यांना नको होते. बदनापूरकडे मावशींच्या मावसभावाकडे जुना शाळू अजून आहे असे कळले होते. सकाळी मी जालन्याच्या गाडीसाठी निघालो तेव्हा तोही माझ्याबरोबर फाट्यापर्यंत आला; बदनापूरला जाऊन पायलीभर बी आणायचे होते, आणि मोबदल्यात देण्यासाठी त्याने पिशवीत तुरीची डाळ घेतली होती.